एका अक्षराची सवत

वाटाणे सोलता सोलता माझा अंगठा शेंगेतच थांबला, कारण नफीसानं तो ‘र’ दोनदा म्हटला. नफीसा माझी मुलगी, शाळेत अरबी शिकवते. आज दुपारी तिच्या शाळेला तिच्या बापाचं नाव द्यायचं होतं, आणि बगदादच्या शायरानं तिच्या बापावर रचलेली कविता शाळेच्या मुली म्हणून दाखवणार होत्या. म्हणून सकाळपासून ही बया इस्त्री करता करता तीच घोकत होती: तो निघाला, दार नुसतं लोटून, मागं न बघता, तिच्याकडे, जिचे केस डोंगरभर मोकळे सुटलेत तिच्याकडे. आणि मग ते नाव. फ्रेंच गेले त्या वर्षापासून हे नाव मी ऐकतेय, रेडिओवर, लग्नांत, हमामात, गल्लीतल्या पोरट्यांच्या तोंडी. कानाला त्याचा घट्टा पडलाय. पण आज ते वेगळं आलं. हूरिया नाही. हुर्-रिया. हातगाडीचं चाक फरशीच्या फटीत अडकून मग पुढं जावं तसं.

“परत म्हण,” मी म्हटलं.

“काय परत म्हणू?”

“तिचं नाव.”

“कुणाचं, यम्मा?”

“त्या टवळीचं.”

नफीसानं इस्त्री उभी ठेवली. माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू वर्गात एखाद्या पोरीनं पाटीवर भलतंच काही काढून ठेवलंय. “यम्मा, ते नाव नाहीये. हुर्रिया. स्वातंत्र्य. पुस्तकी अरबीत स्वातंत्र्य बाई असते, म्हणून तिला केस आहेत, खिडकी आहे. तू इतकी वर्षं काय समजत होतीस?”

“काही नाही. इस्त्री उचल, बाही जळेल.”

शब्द मला माहीत नव्हता असं कुणी समजू नये. शाळेत गेले नाही म्हणून मी काही गाढव नाही. पण आम्ही कस्बाची, जुन्या शहराच्या बोळांतली माणसं, आम्ही त्या गोष्टीला इस्तिकलाल म्हणायचो, गच्च्यांवरून तेच ओरडायचो, बाळंतिणीही तेच ओरडत होत्या. हुर्रिया हा शब्द होता भाषणांतला, टाय लावणाऱ्यांचा. आणि बगदादवाल्याची कविता काही मी कागदावर वाचली नाही, ती माझ्यापर्यंत आली गाण्यातून, आणि ती गाणारी बाई, तिच्या गळ्यात खडीसाखर पडो, तिनं त्या पहिल्या ‘हु’ला असं ताणलं, इतकं ताणलं, की चहा उकळून उतू जाईपर्यंत तो चालायचा, आणि पुढचा एक ‘र’ त्या ताणण्यात कुठं गळून पडला तो कुणाला कळलाच नाही. हूऽऽऽरिया. मी काय ऐकणार? सगळ्या गल्लीनं काय ऐकलं? आणि खरं सांगायचं तर मला ऐकू आला असता तो दुसरा ‘र’ तरी मी मानला नसता. दार लोटून, चपला हातात घेऊन, बायको जागी आहे का ते न बघता माणूस स्वातंत्र्याकडे जातो होय? असा माणूस बाईकडे जातो. हे सांगायला शायर लागत नाही.

आणि बाई होती. भिंतीला भिंत लागून होती. हूरिया, बिन-लग्नाची, आंधळ्या बापाची एकुलती एक, पाठीवर वेणी अशी की हमामात बायका मुद्दाम तिच्या मागं बसायच्या. तिची गच्ची आणि आमची गच्ची यांत कमरेएवढा कठडा. गच्च्या आम्हां बायकांच्या. वाळवण, धुणं, कुजबुज, सगळं वर. पुरुषानं दिवसा वर पाऊल टाकलं तर बायका त्याच्या सात पिढ्या काढायच्या. पण फ्रेंचांशी लढाई चालली त्या दिवसांत माझा मेझियान त्याच गच्च्यांवरून पळायचा, आणि पहिला कठडा लागायचा तो तिचा.

मेझियान म्हणजे आमच्या डोंगराकडच्या बोलीत छोटा, धाकटा. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर बघून ठेवलं होतं. माझ्या भुवईपर्यंत यायचा. लग्नाच्या वरातीत माझ्या आत्यानं मला पाठीत बोट खुपसून सांगितलं होतं, वाकून चाल, पोरी, वाकून. गल्लीच्या भट्टीवर काम करायचा, घराघरांतून परातींत आलेल्या रोट्या भाजून द्यायचा. भुवया कायमच्या जळालेल्या. कानांत पीठ. बोलताना ‘ख’वर अडखळायचा, म्हणून मला ख़दाऊज म्हणताना त्याला श्वास घ्यावा लागायचा, आणि तो श्वास मला आवडायचा, ते मी कुणाला सांगितलं नाही. मांजरांना घाबरायचा. फ्रेंच शिपायांना घाबरायचा की नाही देव जाणे, पण मांजर आडवं आलं तर रस्ता बदलायचा. आता बगदादवाल्याच्या कवितेत बघा: ताडासारखा उंच, कमरेला तलवार, घोड्याच्या टापांखाली ठिणग्या. घोडा. माझ्या मेझियानला खेचरावर बसवलं तरी चक्कर यायची. कपाळ चंद्रासारखं म्हणे. कपाळावर भट्टीच्या झाकणाची खोक होती, मी हळद भरली होती तिच्यात. आवाज सिंहाचा. सिंह ‘ख’वर अडखळत असेल तर असेल.

मला हे सगळं चाललं असतं. उंच केलात, करा. घोडा दिलात, द्या; मेलेल्या माणसाला दाणावैरण लागत नाही. पण त्या कवितेत माझ्या सासूला चार ओळी आहेत. चार. ती डोंगरासारखी उभी राहते, मुलाच्या रक्तानं माखलेला सदरा पाहून लग्नात बायका काढतात तशी किलकारी काढते, म्हणते मला दहा मुलगे असते तर दहाही दिले असते. माझी सासू. जिनं शिपाई झडतीला आले तेव्हा पलंगाखालून बाहेर यायला नकार दिला होता, आणि मीच शेवटी पायाला धरून ओढलं. आणि बायको? बायको नाहीच. मी नफीसाला कितीदा विचारलं, नीट बघ, कुठं एखाद्या कोपऱ्यात. ती म्हणायची, यम्मा, कवितेत आई असते आणि प्रेयसी असते. जशी काही बायको बाजारात गेली होती आणि शायर येऊन गेला.

म्हणून गाणं लागलं की मी रेडिओ बंद करायची. डोकं दुखतंय म्हणायची. नफीसा बिचारी समजायची यम्माला बाबांची आठवण येते. गुपचूप पाणी आणून द्यायची. पोटात होती ती, तो गेला तेव्हा. तिनं बाप पुस्तकात पाहिला, घोड्यावर.

तिला मी रोट्यांचं कधी सांगितलं नाही. भट्टीवर रोटी पाठवायची तर प्रत्येक घराची खूण असते, माझी तीन बोटांची, सासूची कंगव्याची, हूरियाची अंगठीची, गोल. परातीत परात मिसळते, खूण नसेल तर तुमची रोटी दुसऱ्याच्या पोटात. आणि मी, भट्टीवाल्याची बायको, माझी रोटी नेहमी करपलेली यायची. घरचीच आहे, थांबेल, म्हणून तो मागं ढकलायचा, शेवटी काढायचा. हूरियाची कधी करपली नाही. एकदाही नाही. मधासारखा रंग. तिची परात आमच्या दारावरून जायची, फडक्याखालून वाफ, आणि मी उंबऱ्यात उभी राहून ती वाफ बघायची. लढाई संपल्यावर लोक सांगायला आले, मानानं म्हणाले, अगं लल्ला, त्या रोट्यांत चिठ्ठ्या असायच्या, मेझियान खालून चीर देऊन आत सारायचा, हूरिया अंगभर गुंडाळलेल्या हाइकच्या आत छातीशी धरून नाक्यावरून न्यायची. करपलेली रोटी चिरली की तिचा भुगा होतो, म्हणून तिची जपून भाजायचा. असेल. मीही मान हलवली. पण पहिल्यापासूनच चिठ्ठ्या होत्या का? लढाईच्या आधी, तिच्या बापाचे डोळे नुकते गेले होते तेव्हा, तेव्हाही ती रोटी मधाच्या रंगाची होती. हे लोकांना कोण विचारणार. आणि वसंतात ती गच्चीवर संत्र्याच्या फुलांचं पाणी काढायची, तांब्याच्या भांड्यात, थेंब थेंब, आणि त्या दिवसांत मेझियानच्या सदऱ्याच्या गळ्याला तो वास असायचा. सगळ्या गल्लीला होता, हे खरं. वाळत घातलेल्या चादरींनाही होता. पण चादरी रात्री घराबाहेर पडत नव्हत्या.

शेवटचं तो मला काय म्हणाला, हे कुणा शायराला माहीत नाही. म्हणाला, “हूरियाच्या गच्चीवरून जातो, तिकडून बरं पडतं.” हेच. छातीला लावलं नाही, दहा मुलग्यांचं काही नाही. मी म्हटलं, “जा की, तुला तिकडूनच बरं पडतं.” तो हसला, ‘ख’साठी श्वास घेतला, आणि नाव न घेताच कठड्यावरून पलीकडे गेला. तो श्वास अजून माझ्याकडे आहे, अर्धा.

आणि आता नफीसा सांगते, ते स्वातंत्र्य होतं.

वाटाण्यांची टोपली मी बाजूला सारली. हलकं वाटायला हवं होतं, असं मलाही कळत होतं. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलला तर माणूस निदान श्वास तरी घेतो. मला झालं उलटंच. दगड उचलला आणि खाली भोक. हूरियाशी मला भांडता येत होतं. तिच्या दारासमोर मी धुण्याचं पाणी ओतत होते, लग्नात ती बसली त्या रांगेत बसत नव्हते, तिचे दात पडायला लागले तेव्हा मी दात कोरत तिच्या खिडकीखालून दोनदा गेले. पण ही दुसरी? हिचे केस डोंगरभर, ते उपटायचे कुठून? हिला दार नाही, परात नाही, हमामात ही येत नाही. ही म्हातारी होणार नाही. माझ्या गुडघ्यांत पाणी झालं, माझी छाती लोंबली, आणि ही गाण्यात अजून खिडकी उघडून बसलीय, जन्मभर सोळाची. आणि त्यानं हिच्यासाठी दार लोटलं. बाईसाठी गेला असता तर परत आला असता. पुरुष बाईकडून परत येतो, उशिरा येतो, तोंड लपवत येतो, पण भूक लागली की येतो. हिच्याकडून कुणी परत येत नाही.

“यम्मा, तुझं पांढरं हाइक काढू की निळा कोट?” नफीसानं आतून विचारलं.

“हाइक. त्या शायराला बायको दिसली तरी पाहिजे.”

एक गोष्ट मात्र हातात होती, आणि जिने उतरताना ती मी जिभेखाली साखरेच्या खड्यासारखी धरली. हूरियाला हे माहीत नव्हतं. तीही माझ्यासारखीच, अंगठा उठवणारी. गाणं आलं त्या वर्षापासून या बाईनं त्या नावावर संसार केला. लग्नांत तिला पहिली कॉफी. नवऱ्या मुली तिच्याकडून मेंदीचा पहिला ठिपका लावून घेतात, म्हणतात, वीराची हूरिया. कुणी तोंडावर विचारलं तर ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, पदर पुढं ओढते आणि खाली बघते. आणि त्या खाली बघण्यावर मी कितीदा जळाले. नाही म्हणायला काय झालं होतं? आज शाळेत तिलाही बोलावलं होतं, पहिल्या रांगेत. आज मी तिला सांगणार होते. सगळ्यांसमोर नाही, मी इतकी हलकी नाही. कानात. एक अक्षर फक्त. तुझ्यात एकच ‘र’ आहे, बाई.

शाळेच्या अंगणात झेंडे लावले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, दारावरची पाटी फडक्यानं झाकलेली. नगरपालिकेचा माणूस मला हाताला धरून पुढं घेऊन गेला. बगदादचा शायर तिथं उभा होता, धिप्पाड, अत्तर लावलेला, केस मागं वळवलेले. यानंच त्याला घोडा दिला. त्यानं मला पाहिलं, त्याचे डोळे भरून आले, वाकला आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. त्याची अरबी पुस्तकातली, पण एवढं मला समजलं.

“माते,” तो म्हणाला, “या पोटानं सिंह जन्माला घातला.”

“या पोटानं ही मास्तरीण जन्माला घातली,” मी नफीसाकडे बोट केलं. “सिंह हिचा बाप. मी बायको.”

डोळ्यांतलं ते पाणी कुठं ठेवावं ते त्याला सुचेना. वर्षं मोजत असावा. कवितेत मेझियान अजून पंचविशीचा, आणि समोर ही आजीबाई. “बायको,” तो म्हणाला. “क्षमा करा. मला कुणी सांगितलंच नाही की त्याला बायको होती.”

“सांगितलं असतं तर घातली असती कवितेत?”

नफीसानं माझं हाइक ओढलं. पण माणूस खोटा नव्हता, हे मी मान्य करते. त्यानं विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “बायको आली की दार लागतं, लल्ला. मग त्याला बाहेर कसा काढू?”

“मला विचारायचं. मला त्याला मनातून काढता आलं नाही, घरात ठेवताही आलं नाही.”

त्याच्या मागं आणखी एक, इराणचा शायर होता, काडीसारखा, सिगारेटवर सिगारेट, राज्यकर्त्यांच्या भीतीनं देश सोडून आलेला म्हणत; यानंही मेझियानवर काही रचलं होतं. तो माझ्या हाताकडे आलाच नाही, लांबूनच छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. त्यातल्या त्यात हा बरा वाटला.

मला खुर्ची दिली ती हूरियाच्या शेजारची. ती आधीच येऊन बसली होती. मांडीवर मक्रूदच्या गोड वड्यांचा डबा, आतल्या खजुराचा वास येत होता, हातांना ताजी मेंदी. इतक्या जवळून मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वेणी राहिली नव्हती, रुमालाखाली उंदराच्या शेपटाएवढं काहीतरी. मी बसले तशी ती सरकली, जागा केली, जागा होती तरी.

“ख़दाऊज,” ती म्हणाली, “आलीस.”

“माझ्याच नवऱ्याचं आहे. येणार नाही तर काय.”

“काय?”

“म्हटलं, आले.”

तिनं कान पुढं केला. “मोठ्यानं बोल गं. डावा तर गेलाच, आता उजवाही हळूहळू चाललाय. तुझा आवाज चांगला ठणठणीत होता.” आणि मग माझ्या मनगटावर हात ठेवून, लाजून, या वयात लाजून, “एक काम करशील? गाण्यात मला कळायचं, ती गाणारी लांबवायची ना. आता नुसतं बोलणार म्हणे, मला काही कळायचं नाही कुठं काय आलं ते. नाव आलं की मला चिमटा काढशील? तेवढंच.”

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. साखरेचा खडा जिभेखाली होताच. आता तर कानात बोलायचं म्हणजे ओरडावं लागणार होतं, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं असतं. माझ्या मागं बसलेल्या बायका आत्ताच एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, बघ, बघ, दोघी शेजारी.

आधी इराणी उठला. त्याची फारसी मला कळणार नव्हती, पण ऐकायला बरी, भांड्यात पाणी हलवल्यासारखी. शेजारी एक पोरगेला दुभाष्या एकेक ओळ आमच्या भाषेत सांगत होता. याच्या कवितेत घोडा नव्हता. मेझियान सुरूचं झाड होता, मग मेणबत्ती होता, मग पतंग होऊन त्याच मेणबत्तीत जळला. मग त्याच्या रक्तातून लाल फुलं उगवली, गच्च्यागच्च्यांवर. पीठ कुठंच नाही. पण जळाला, हे मात्र यानं बरोबर धरलं होतं. भट्टीवाला माणूस, भुवया नसलेला. मी जरा पुढं सरकले. दारात कोणी उभं आहे, दुभाष्या म्हणाला, वाट बघत. मग थांबला, कागद बघितला. “तो उभा की ती उभी, ते त्यांच्या भाषेत कळत नाही,” म्हणाला. “त्यांच्यात तो आणि ती एकच.” लोक हसले. मी हसले नाही. दोन भाषांत, इतक्या ओळींत, तेवढी एकच जागा होती की जिथं मी मावले असते, उंबऱ्यात, वाफ बघत; आणि तिथंही मीच आहे याला साक्षीदार नाही. आणि लगेच, एवढा एक शब्द मला सरळ कळला, हूरी. दुभाष्यानं समजावलं, ही जन्नतमधली, हातात प्याला घेऊन ती त्याला सामोरी येते, आणि तो सगळं विसरतो. झालं. म्हणजे वर गेल्यावरही कुणीतरी आधी जाऊन बसलेलीच. हूरियाला यातलं काही ऐकू आलं नाही. ती मक्रूदचा डबा सरळ करत होती.

मग नफीसानं हात वर केला आणि मुली उभ्या राहिल्या. निळे डगले, पांढरे मोजे, सगळ्या माझ्या पोरीच्या शिकवलेल्या. घोडा आला, ठिणग्या आल्या. सासूच्या चार ओळी आल्या, मागं बायकांनी किलकारी काढली, आणि माझ्या शेजारी हूरियाला ती किलकारी तेवढी जाणवली, तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं, आलं का? मी मान हलवली, नाही. ती परत समोर बघू लागली. ओठ किंचित उघडे. तिच्या उजव्या दंडावर, बाहीच्या खाली, सैल कातडी होती, तिथंच ती मला चिमट्यासाठी जवळ करून बसली होती, लस टोचून घेणाऱ्या पोरीसारखी.

दार लोटून. मागं न बघता. या ओळीला माझा जीव जळायचा इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि पहिल्यांदाच मला कळेना की तो कुणावर जळतोय. शेजारी हूरियाकडे बघितलं. बोळकं तोंड, सुजलेले घोटे, हाताची मेंदी नखांच्या कडेला पसरलेली. सांगितलं तर ती आजच्या आज रिकामी घरी जाईल. जाऊ दे, त्याचं मला काही नव्हतं. पण मग मीही घरी जाईन, आणि माझ्याबरोबर ती दुसरी येईल, डोंगरभर केसांची, दात न पडणारी, आणि तिच्याशी मला एकटीला राहावं लागेल. तिच्यापुढं मी काय? हिच्यापुढं मी निदान चालते. हिच्यापेक्षा माझे गुडघे बरे आहेत. मला सवत हवीच असेल तर ती अशी हवी, शेजारी बसणारी, बहिरी, रोटी भाजता येणारी. स्वातंत्र्यानं माझा नवरा नेला हे मी कुणाला सांगू? हूरियानं नेला, हे सगळ्या गल्लीला समजतं.

हुर्-रिया, मुली म्हणाल्या. एकसाथ, ठसठशीत, दोन्ही ‘र’ असे मोकळे, की अंगणात एक बहिरी सोडून कुणाची चूक व्हायला नको. नफीसानं मुलींवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हूरियाचा दंड धरला आणि चिमटा काढला. नख लावून, पीळ देऊन, सगळी परात, सगळी वाफ, सगळा संत्र्याचा वास त्या दोन बोटांत घेऊन. तिनं श्वास आत ओढला. डोळ्यांत पाणी आलं. मग तोंडभर हसली.

“आलं?”

“आलं,” मी तिच्या कानात म्हटलं. “तुझंच.”

मुली पुढच्या ओळीवर गेल्या होत्या. मी बोटं सोडली नव्हती, आणि तीही हात मागं घेत नव्हती.